साच्यातून आलेले वीर

सापांच्या विळख्यात तडफडणारा ट्रॉयचा पुजारी लाओकून, गदेवर रेलून दम खाणारा हेराक्लीस, खांद्यावर भाला घेऊन पाऊल उचलणारा तरुण डोरिफोरस. प्राचीन ग्रीस आणि रोमच्या वीरांची ही रूपे आज जगभर ओळखीची आहेत, पण ही ओळख मूळ संगमरवराने फार थोड्यांना करून दिली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत रोम-नेपल्सचा प्रवास मोजक्या लोकांनाच परवडत होता. चित्रकार, शिक्षक, विद्यार्थी, कवी यांच्यापैकी बहुतेकांनी हे वीर पाहिले ते आपापल्या शहरात, प्लास्टरमध्ये. पुढे विसाव्या शतकात याच प्लास्टर प्रतींना ‘नकला’ ठरवून तळघरात ढकलण्यात आले. कित्येक फोडल्या गेल्या, कित्येक विकल्या गेल्या. गेल्या काही दशकांत त्यांच्याकडे पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे, आणि ते योग्यच आहे. या प्रती एकाच वेळी शिकवण्याचे साधन, संशोधनाचे हत्यार आणि इतिहासाचा पुरावा आहेत. शिवाय ज्या ‘अस्सल’ पुतळ्यांच्या नावाने त्यांना हिणवले गेले, तेही बहुतांशी प्रतीच आहेत. हे सगळे ध्यानात घेऊन या प्रतींचा एकत्र आढावा घ्यायला हवा.

प्लास्टरची करामत

जिप्सम हा खनिज दगड साधारण दीडशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्याच्या स्फटिकांत अडकलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि मऊ पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी मिसळले की ती ते पाणी पुन्हा धरून ठेवते, कोमट होते आणि काही मिनिटांत घट्ट बसते. घट्ट होताना ती आक्रसत नाही, उलट किंचित फुगते. म्हणूनच साच्यातली केसाएवढी रेघही तिच्यात उतरते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे प्लास्टर ऑफ पॅरिस. गणपतीच्या मूर्तींमुळे आणि त्यावरून चाललेल्या पर्यावरणाच्या वादामुळे मराठी घरांत ‘पीओपी’ हा शब्द रोजचा झाला आहे. हेराक्लीसच्या पांढऱ्या प्रतींचा पदार्थही तोच.

खरी कसोटी असते साच्याची. मातीत घडवलेल्या नव्या शिल्पावरून एकच प्रत काढायची असेल तर शिल्पकार ‘वेस्ट मोल्ड’ घेतात. प्रत बाहेर काढताना हा साचा छिन्नीने फोडून टाकला जातो. पण दोन हजार वर्षांच्या संगमरवरी पुतळ्याशी असे चालत नाही. तिथे ‘पीस मोल्ड’ लागतो, म्हणजे अनेक तुकड्यांचा साचा. केसांची प्रत्येक बट, काखेतला प्रत्येक खोलगट भाग कुठेही न अडकता सुटून यावा अशा बेताने साच्याचे तुकडे पाडायचे, ते बाहेरच्या मोठ्या कवचात जुळवून बसवायचे आणि आत प्लास्टर ओतायचे. मोठ्या शिल्पसमूहाचे हात-पाय आणि डोके वेगळे ओतून मागाहून जोडतात. जुन्या प्रतीवर तिरपा प्रकाश पडला की छातीवरून, मांडीवरून गेलेल्या बारीक उंचवट्याच्या रेषा दिसतात. साच्याचे दोन तुकडे जिथे भिडले, तिथे प्लास्टर फटीत शिरून या रेषा उमटतात. काही कारागीर त्या घासून काढत. काही मुद्दाम ठेवत, कारण त्या रेषा म्हणजे प्रत थेट साच्यातून आली आहे आणि नंतर कुणी हात फिरवलेला नाही याची खूण.

प्रतींची परंपरा प्राचीनांचीच

प्लास्टर प्रती ही आधुनिक युरोपची कल्पना आहे असा समज आहे, तो खरा नाही. शिल्पकार लिसिपसचा भाऊ लिसिस्ट्राटस याने माणसाच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा प्रथम घेतला, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक ल्यूशन अथेन्सच्या बाजारचौकातल्या हर्मिसच्या ब्राँझ पुतळ्याचा उल्लेख करतो. शिल्पकार रोज त्याचे साचे घेत, त्यामुळे तो डांबराने माखलेला असे.

या शब्दांना प्रत्यक्ष पुरावा मिळाला १९५४ मध्ये. नेपल्सजवळच्या बाये या गावी, रोमन श्रीमंतांच्या जुन्या विहारस्थळी, प्लास्टरचे शेकडो तुकडे सापडले. ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून रोमन काळात काढलेल्या प्रतींचे हे अवशेष होते. संगमरवरी पुतळे घडवणारे कारागीर या प्रती समोर ठेवून काम करत असत. त्यांतला चेहऱ्याचा एक तुकडा अरिस्टोगायटनचा निघाला. हार्मोडियस आणि अरिस्टोगायटन या जोडीने इ.स.पू. ५१४ मध्ये अथेन्सच्या हुकूमशहाचा भाऊ हिपार्कस याला ठार केले आणि अथेन्सने त्यांना वीर मानून त्यांची पूजा केली. त्यांचा पहिला पुतळा इराणच्या सम्राटाने, झर्क्सीसने, इ.स.पू. ४८० मध्ये लुटून नेला. काही वर्षांतच क्रिटियस आणि नेसियोटीस या शिल्पकारांनी नवी जोडी उभी केली. तीही पुढे नाहीशी झाली. आज नेपल्सच्या संग्रहालयात या वीरांची जी जोडी उभी आहे ती रोमन काळातली संगमरवरी प्रत आहे.

बायेच्या तुकड्यांतले डोळे विशेष पाहण्यासारखे आहेत. ब्राँझ पुतळ्यांना पत्र्याच्या बारीक पापण्या बसवलेल्या असत. साचा घेताना त्या मोडू नयेत म्हणून कारागिराने त्या मऊ पदार्थाने झाकल्या, म्हणून प्लास्टरमध्ये डोळ्याच्या कडेने एक जाडसर पट्टी उमटली. मूळ ब्राँझ कधीच गेले, पण त्याला जपून हात लावणाऱ्या अनाम माणसाची काळजी प्लास्टरमध्ये शिल्लक आहे. प्रतीला तुच्छ लेखणाऱ्याने हा एक तुकडा तरी पाहावा.

राजदरबारातून कलाशाळेत

१४ जानेवारी १५०६ रोजी रोमच्या एका द्राक्षमळ्यात लाओकून सापडला. १५४६ मध्ये काराकालाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत तीन मीटरहून उंच हेराक्लीस निघाला. तो पुढे फार्नेझे घराण्याच्या नावाने ओळखला गेला. युरोपातले राजे अशा पुतळ्यांवर लुब्ध झाले, पण मूळ पुतळे पोप आणि रोमन घराणी हातचे सोडणार नव्हती. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने १५४० मध्ये चित्रकार प्रिमातिच्चो याला रोमला धाडले. त्याने आणलेल्या साच्यांवरून फोंतेनब्लो राजवाड्यासाठी लाओकून आणि इतर पुतळे ब्राँझमध्ये ओतले गेले. शंभर वर्षांनी स्पेनच्या चौथ्या फिलिपने व्हेलास्केससारख्या थोर चित्रकाराला इटलीला पाठवले, त्यामागेही पुतळे आणि त्यांच्या प्रती मिळवणे हा एक हेतू होता.

अठराव्या शतकात या प्रती दरबाराबाहेर आल्या. जर्मनीतल्या मानहाइम शहरी प्लास्टर प्रतींचे एक दालन होते. तरुणपणी महाकवी गटे तिथे गेला आणि आयुष्यभर ती भेट विसरला नाही. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो की तिथले पुतळे बैठकीवर फिरवता येत आणि पडदे सरकवून प्रकाश हवा तसा पाडता येई. संगमरवरी मूळ पुतळा असा फिरवून पाहण्याची सोय सहसा नसे. ही प्रतीची खास देणगी.

लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये सुरू झाली. तिथला विद्यार्थी आधी प्लास्टर प्रतींवरून चित्र काढे आणि हात बसल्यावरच त्याला जिवंत मॉडेलसमोर जाता येई. स्त्रियांना नग्न मॉडेलच्या वर्गात दीर्घकाळ प्रवेशच नव्हता, त्यामुळे मानवी शरीर शिकण्यासाठी त्यांच्यापुढे प्लास्टरचेच वीर असत. १७९१ मध्ये शिल्पकार मानुएल तोल्सा याने प्रतींचा मोठा साठा जहाजाने मेक्सिकोच्या कलाशाळेत नेला. या देवाणघेवाणीचे पुढे उद्योगात रूपांतर झाले. बर्लिनची सरकारी साचेशाळा १८१९ मध्ये निघाली. ती आजही चालू आहे आणि तिच्याकडे सुमारे सात हजार साचे आहेत. लंडनमध्ये डोमेनिको ब्रुचियानी या इटालियन कारागिराचा कारखाना ब्रिटनभरच्या कलाशाळांना प्रती पुरवत होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन संग्रहालयाचे संचालक हेन्री कोल यांच्या पुढाकाराने युरोपातल्या राजपुत्रांनी एक करार केला. प्रत्येक देशाने आपल्या उत्तम कलाकृतींच्या प्रती करू द्याव्यात आणि त्यांची देवाणघेवाण व्हावी, असे त्यात ठरले. प्रतींसाठी बांधलेली कोल यांच्या संग्रहालयाची प्रचंड दालने १८७३ मध्ये उघडली.

मुंबईत हे वीर

हेच पुतळे समुद्रमार्गे मुंबईलाही पोचले. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने लंडनचाच अभ्यासक्रम घेतला होता. त्यात ‘अँटिक’ हा वर्ग आला. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींसमोर बसून पेन्सिल आणि कोळशाने छायाप्रकाश उतरवायचा, हा त्या वर्गाचा गाभा. जिवंत मॉडेलवरून चित्र काढण्याचा वर्ग तिथे नीट रुजला तो विसाव्या शतकात, शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. तोपर्यंत मानवी देहाची शिस्त शिकवण्याचे काम मुख्यतः प्लास्टरने केले.

या शिक्षणाचे मोल ठरवताना दोन्ही बाजू पाहायला हव्यात. एक म्हणजे अजिंठा-वेरूळच्या प्रदेशातल्या मुलांसमोर शरीराचा आदर्श म्हणून फक्त ग्रीस ठेवला गेला. हा साम्राज्याचा उद्दामपणाच होता. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल यांनी या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली आणि भारतीय परंपरेला मध्यभागी आणले, ते आवश्यकच होते. पण दुसरी बाजूही खरी आहे. जे. जे.चा विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती प्लास्टरमध्ये. देवळाकडे निघालेल्या मराठी मुलीच्या अंगाला लगटलेल्या नऊवारीच्या चुण्या पाहिल्या, शरीराचा भार एका पायावर तोललेला पाहिला, की ग्रीक प्रतींसमोर घालवलेले तास कुठे गेले ते समजते. मुलगी मात्र पूर्णपणे इथलीच आहे. समोर ठेवलेला नमुना परका होता, त्यातून घेतलेले कसब म्हात्र्यांनी आपलेसे केले. परक्या नमुन्यावर हात बसवून स्वतःचे काही घडवता येते, याचा इतका देखणा पुरावा क्वचित मिळेल.

प्रवास उलट दिशेनेही झाला. सांचीच्या पूर्व तोरणाचा साचा १८७० च्या सुमारास हेन्री हार्डी कोल या लष्करी अभियंत्याने घेतला आणि त्यावरून काढलेली प्रत दक्षिण केन्सिंग्टनमध्ये उभी राहिली. म्हणजे प्लास्टरच्या या बाजारात भारत नुसता घेणारा नव्हता.

अभ्यासकांचे हत्यार

कलाशाळांसाठी प्रत हा रेखाटनाचा नमुना होता, विद्यापीठांसाठी ती प्रयोगशाळा ठरली. ग्योटिंगेन विद्यापीठात क्रिस्टियन गॉटलोब हाइने यांनी १७६७ मध्ये प्रती जमवायला सुरुवात केली. बॉन विद्यापीठाचा संग्रह १८१८ चा. केंब्रिजचे प्रतींचे संग्रहालय १८८४ मध्ये उघडले आणि आज त्यात साडेचारशेहून अधिक प्रती आहेत. कारण साधे आहे. एकाच हरवलेल्या ग्रीक पुतळ्याच्या रोमन प्रती रोम, पॅरिस, लंडन, म्युनिक अशा विखुरलेल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून तपासायच्या तर प्लास्टरशिवाय उपाय नव्हता.

ही पद्धत काय करू शकते याचे उत्तम उदाहरण ‘पास्क्विनो’. रोमच्या एका चौकात १५०१ पासून उभा असलेला हा हात-पाय तुटलेला पुतळा. लोक त्यावर राज्यकर्त्यांची टर उडवणारी पत्रके चिकटवत. मृत सहकाऱ्याचा देह रणांगणातून उचलून नेणाऱ्या वीराच्या शिल्पसमूहाचा तो भाग. हे वीर कोण याबद्दल मतभेद आहेत. कुणी मेनेलाउस आणि पॅट्रोक्लस म्हणतात, कुणी अजॅक्स आणि अकिलीस. याच समूहाचे तुकडे निरनिराळ्या शहरांत आहेत. लाइपझिगमध्ये बर्नहार्ड श्वाइट्झर यांनी १९३० च्या दशकात त्या तुकड्यांच्या प्लास्टर प्रती जुळवून पूर्ण समूह उभा केला. मूळ दगड कधीच एकत्र आले नसते. प्लास्टरमध्ये ते आले, आणि मृत वीराचा निष्प्राण हात कसा लोंबतो हे पाहता आले.

१९५७ मध्ये रोमच्या दक्षिणेला स्पर्लोंगा येथील समुद्रकाठच्या गुहेत हजारो संगमरवरी तुकडे सापडले. त्यांत ओडिसियस आणि त्याचे साथीदार एकडोळ्या राक्षसाला आंधळा करत असल्याचा भव्य देखावा होता. तो आज तिथल्या संग्रहालयात संपूर्ण दिसतो, कारण उरलेल्या भागांच्या प्रती घेऊन अभ्यासकांनी तो जुळवला. तिथल्या एका शिल्पसमूहावर कोरलेली तिन्ही शिल्पकारांची नावे प्लिनीने लाओकूनचे कर्ते म्हणून दिलेली आहेत.

हकालपट्टी आणि तिची कारणे

एवढे सगळे असताना या प्रती नकोशा का झाल्या? पहिले कारण पैसा. अमेरिकेतली संग्रहालये सुरुवातीला प्लास्टरवर उभी राहिली, कारण मूळ वस्तू विकत घेण्याइतके धन नव्हते. ते आले तसे प्राधान्य बदलले. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात १९०४ च्या सुमारास या विषयावर तीव्र संघर्ष झाला. प्रती लोकशिक्षणासाठी आवश्यक आहेत, असे संचालक एडवर्ड रॉबिन्सन मानत. यंत्रवत प्रत मूळ कलाकृतीच्या शेजारी असूच नये, असे त्यांचे सहायक मॅथ्यू प्रिचर्ड म्हणत. रॉबिन्सन यांनी राजीनामा दिला. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा अवाढव्य प्रतिसंग्रह आधी गोदामात गेला आणि त्यातला काही भाग अखेर २००६ मध्ये लिलावात निघाला.

दुसरे कारण कलेतली क्रांती. आधुनिक चित्रकाराला कोळशाने घोटलेला प्लास्टरचा देह जुन्या शिस्तीचे प्रतीक वाटला. पॅरिसच्या कलाशाळेतल्या प्रतींना १९६८ च्या विद्यार्थी उठावात हानी पोचली आणि पुढे तो संग्रह व्हर्सायला हलवावा लागला. तिसरे कारण युद्ध. म्युनिकचा मोठा संग्रह दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाला आणि पुन्हा नव्याने जमवावा लागला.

पांढरेपणाचे ओझे

प्रतींवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र यांहून वेगळा आहे. प्राचीन पुतळे रंगवलेले होते. त्यांचे केस, ओठ, वस्त्रांच्या किनारी, शस्त्रे सगळे रंगीत. प्लास्टरने पांढरा वीर घरोघरी पोचवला आणि सौंदर्य म्हणजे पांढरा, रेखीव ग्रीक देह हा समज घट्ट झाला. एकोणिसाव्या शतकातल्या वंशवादी लेखकांनी अपोलो बेल्व्हेडर या पुतळ्याचा चेहरा माणसांच्या वंशांची उतरंड लावण्यासाठी मोजपट्टीसारखा वापरला. हिटलरने १९३८ मध्ये डिस्कोबोलस या थाळीफेक्याच्या पुतळ्याची एक प्राचीन प्रत इटलीकडून मिळवली, ती १९४८ मध्ये परत गेली. वीरदेहाचा हा गैरवापर विसरता येत नाही आणि प्रतींच्या दालनात त्याचा उल्लेख स्पष्ट व्हायलाच हवा.

पण हा समज मोडायलाही प्लास्टरच उपयोगी पडले. मूळ संगमरवराला रंग लावणे शक्य नाही, प्रतीला आहे. केंब्रिजमध्ये १९७५ साली अथेन्सच्या ‘पेप्लोस कोरे’ या स्त्रीपुतळ्याची प्रत रंगवून न रंगवलेल्या प्रतीशेजारी उभी केली गेली. २००३ मध्ये म्युनिकला भरलेल्या ‘रंगीत देव’ या प्रदर्शनात पुरातत्त्वज्ञ व्हिन्झेन्झ ब्रिंकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रंगवलेल्या प्रती मांडल्या आणि ते प्रदर्शन पुढे अनेक देशांत गेले. ज्या माध्यमाने चूक पसरवली त्याच माध्यमाने ती दुरुस्तही केली.

ज्या दिवशी साचा घेतला, तो दिवस

प्रतीचे आजचे सर्वांत मोठे मोल तिच्या वयात आहे. मूळ पुतळा बदलत राहतो, प्रत मात्र साचा घेतला त्या दिवसाशी थांबते. लाओकूनचा उजवा हात सापडला नव्हता, म्हणून सोळाव्या शतकापासून दुरुस्ती करणाऱ्यांनी तो वर ताणलेला बसवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममध्ये खरा हात सापडला. तो कोपरातून मागे वाकलेला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो मूळ पुतळ्याला जोडला गेला. पोलाक ते पाहायला उरले नव्हते, १९४३ मध्ये नाझींनी त्यांना ऑशविट्झला नेले. आज व्हॅटिकनमध्ये खऱ्या हाताचा लाओकून दिसतो. पण ज्या लाओकूनवर अठराव्या शतकाने वाद घातला, तो ताणलेल्या हाताचा लाओकून पाहायचा तर जुन्या प्लास्टर प्रतीकडेच जावे लागते. फार्नेझे हेराक्लीसचेही तसेच. त्याला आधी शिल्पकार गुल्येल्मो देल्ला पोर्ताने घडवलेले पाय होते, मूळ पाय १७८७ मध्ये बसवले गेले. त्याआधीच्या साच्यातून निघालेली प्रत देल्ला पोर्ताच्या पायांवर उभी असते.

याहून मोलाची साक्ष पार्थेनॉनची. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०२ मध्ये अथेन्सला पश्चिम शिल्पपट्ट्याचे साचे घेतले. तो पट्टा १९९३ पर्यंत मंदिरावरच राहिला आणि हवा-पाण्याने, प्रदूषणाने झिजला. दगडावरून पुसून गेलेले चेहऱ्यांचे आणि घोड्यांचे तपशील त्या प्लास्टरमध्ये अजून आहेत. इथे प्रत मुळाहून अधिक सांगते.

पुढे काय करावे

आता त्रिमितीय स्कॅनर आले आहेत. पुतळ्याला हात न लावता त्याची हुबेहूब नोंद घेता येते. मग प्लास्टरची गरज संपली का? मला तसे वाटत नाही. स्कॅन आजचा पुतळा टिपतो, १८०२ चा नाही. शिवाय विद्यार्थ्याला पडद्यावरची आकृती आणि समोर उभा असलेला तीन मीटर उंचीचा देह यांतून मिळणारे शिक्षण एकसारखे नसते. वजन, प्रमाण, पाठीमागून दिसणारी रचना यांसाठी शरीराला शरीरासमोर उभे राहावे लागते.

भारतातल्या जुन्या कलाशाळांना आणि संग्रहालयांना हा प्रश्न थेट लागू होतो. त्यांच्या कोपऱ्यांत, जिन्यांखाली ज्या जुन्या प्लास्टर प्रती असतील, त्यांना भंगार किंवा गुलामीची खूण म्हणून टाकून देऊ नये. प्रत्येकीची मोजमापे घ्यावीत, बैठकीवर कारखान्याचा शिक्का किंवा क्रमांक असेल तर तो टिपावा, साच्याच्या रेषांची छायाचित्रे काढावीत, रंगाचे जुने थर खरवडण्याआधी तपासावेत आणि सर्वांत आधी ओल थांबवावी, कारण जिप्समचा खरा शत्रू पाणी. मग त्यांच्याशेजारी म्हात्र्यांच्या पिढीचे काम ठेवावे, घारापुरीच्या आणि वेरूळच्या शिल्पांची छायाचित्रे ठेवावीत आणि विद्यार्थ्यांना तुलना करू द्यावी. कोणाचा आदर्श श्रेष्ठ हा निकाल लावण्यापेक्षा एका परंपरेने देहाचा भार पायावर तोलला आणि दुसरीने तो श्वासावर तोलला, हा फरक डोळ्यांनी पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

ग्रीक ब्राँझ वितळले, रोमन संगमरवर तुटला, तरी हे वीर उरले ते प्रत्येक शतकात कुणी ना कुणी त्यांचा साचा घेत राहिला म्हणून. ती साखळी आपल्या हाती आली असताना तुटू देणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरेल, आणि तो टाळायला नोंदवही, कोरडी खोली आणि जाणता माणूस एवढेच पुरेसे आहे.